सेन्सर हलतोय, बघूया की!

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात गाडीच्या डॅशबोर्डवर लेख कशाला, असं तुम्ही विचाराल. संपादक मंडळातल्या मैत्रिणीनंही हेच विचारलं. "कविता दे, नाहीतर पुस्तक परीक्षण दे," म्हणाली. पण गेल्या जुलैत चोर्ला घाटात जे झालं त्याबद्दल मला एक ठाम मत मांडायचं आहे, आणि ते कवितेत काही बसेना. म्हणून हा लेख.

आमची गाडी सेकंड हँड आहे. बाबांनी चार वर्षांपूर्वी घेतली. घेताना त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तिचे आपोआप लागणारे दिवे. स्विच "ऑटो"वर ठेवायचा आणि विसरून जायचं. अंधार पडला की हेडलाइट लागणार, उजाडलं की बंद होणार. बाबांना साठीच्या आसपास संध्याकाळचं जरा कमी दिसायला लागलं होतं, त्यामुळे त्यांना ही मोठीच सोय वाटली.

ही जादू नाही. डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला, पुढच्या काचेजवळ, रुपयाच्या नाण्याएवढा एक काळा घुमट असतो. तुमच्याही घरच्या गाडीत असेल, बघा. तोच प्रकाशाचा सेन्सर. त्याच्या आत फोटोडायोड नावाचा बारीकसा भाग असतो. त्यावर उजेड पडला की त्यातून किंचित वीज वाहते. उजेड कमी झाला की वीजही कमी होते. गाडीतला कॉम्प्युटर ती मोजतो आणि दिवे लावायचे की नाही ते ठरवतो. काही गाड्यांत ऊन किती लागतंय हे ओळखून एसी कमी-जास्त करण्याचं कामही याच घुमटाकडे असतं.

मागच्या मे महिन्यात आमचे दिवे वेड्यासारखं करायला लागले. भर दुपारी, टिळकवाडीच्या रस्त्यावर डोळ्यांवर ऊन असताना हेडलाइट लागायचे. स्पीडब्रेकर आला की विझायचे. पुढच्या खड्ड्यात परत लागायचे. समोरून येणारे दुचाकीवाले हाताची बोटं मिटून-उघडून खुणा करायचे, "लाईट चालू आहे ओ!" बाबा वैतागले.

मग आम्ही तीन ठिकाणी विचारलं.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटर. तिथं लॅपटॉप लावून त्यांनी सांगितलं, सेन्सर गेलाय, वायरिंगसकट नवीन टाकावा लागेल, मजुरीसकट साडेसहा हजार. बाबांनी विचारलं, "उघडून बघितलं का?" तर म्हणाले, "बघायची गरज नाही, कोड आलाय." मला नंतर कळलं की असा कोड म्हणजे फक्त "इकडून बातमी नीट येत नाही" एवढीच तक्रार असते. बातमी देणारा मेला, की त्याची वायर निसटली, हे त्या कोडवरून ठरत नाही. त्यासाठी उघडूनच बघावं लागतं.

दुसऱ्यांदा आमच्या ओळखीचे गॅरेजवाले मामा. ते कामाचे पक्के आहेत, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखतात. त्यांनी घुमटावर बोट ठेवलं, तो हलला. "लूज झालंय, साहेब. पण हे उघडायचं म्हणजे अर्धा दिवस. तुम्ही ऑटोवर ठेवूच नका की ओ. हातानं लावा, हातानं बंद करा. आमच्या वेळेला कुठं होतं ऑटो?"

तिसरा सल्ला आमच्या काकांचा. त्यांच्या भाड्याच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा दोन वर्षं जळतोय. त्यांनी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. "डोळ्यांना त्रास नाही, खिशाला त्रास नाही," म्हणाले.

बाबांनी मामांचा सल्ला ऐकला. स्विच ऑटोवरून काढला. दुपारचे दिवे बंद झाले, खुणा करणारे हात बंद झाले. प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं.

जुलैत आत्याकडे म्हापशाला निघालो. जांबोटीपर्यंत पाऊस साधाच होता. कणकुंबी सोडली आणि धुकं उतरलं. ज्यांनी तो रस्ता पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना सांगायला नको; दुपारचे तीन असतात आणि समोरचं झाड दिसत नाही. बाबा हळू चालवत होते. मी शेजारी बसून बोलत होते. अचानक मागून हॉर्न, मग ब्रेकचा कर्कश आवाज. आरशात पाहिलं तर ट्रकचं तोंड. त्याच्या आणि आमच्या मध्ये हातभर जागा राहिली असेल. पुढच्या वळणावर तो ड्रायव्हर खाली उतरला, कन्नडमध्ये सुरुवात करून मराठीवर आला. "मागं लाईट नाही काय हो? माणसं बसलीत आत! दिसायचं कसं आम्हाला?"

बाबा म्हणाले, "लाईट चालूच आहे." त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि इथंच गंमत आहे, गंमत म्हणजे वाईट गंमत. जुन्या गाडीत दिवे लावले नाहीत तर समोरचे काटेही अंधारात राहायचे, त्यामुळे चालवणाऱ्याला लगेच कळायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेलाच असतो. शिवाय पुढे दिवसा जळणारे बारीक पांढरे दिवे असतात, त्यांचा उजेड धुक्यावर पडलेला दिसतो. आत बसलेल्याला वाटतं सगळं चालू आहे. पण आमच्यासारख्या गाडीत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात. बाबांचा हात चार वर्षं स्विचकडे गेलाच नव्हता. सवय मोडलेली होती आणि सेन्सर आम्ही गप्प केलेला होता.

घाटातून उतरताना मी विचार करत होते. मे महिन्यात सेन्सर जे करत होता ते त्रासदायक होतं, पण मूर्खपणाचं होतं का? आमच्या गाडीत वायर निसटली की वीज वाहत नाही. वीज नाही म्हणजे उजेड नाही, असं कॉम्प्युटर धरतो आणि दिवे लावतो. म्हणजे शंका आली तर अंधार आहे असंच समजायचं, अशी ती रचना आहे. दिवसा दिवा जळला तर फार तर लोक हसतील. अंधारात विझला तर माणसं मरतील. दुचाकींच्या बाबतीत तर आपण हे कायद्यानंच मान्य केलंय: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. सेन्सर चुकत होता, पण सुरक्षित बाजूनं चुकत होता. आम्ही त्याला गप्प करून धोक्याच्या बाजूला नेऊन ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. इशारा देणारी वस्तू खोटं बोलायला लागली तर तिचं तोंड बंद करू नका. ती हलते का ते आधी बघा, आणि तिची जागा पक्की करा.

हे फक्त आमच्या घरचं नाही. सीटबेल्टचंच घ्या. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या सीटवाल्यांनी बेल्ट लावला नाही तर आवाज करणारी यंत्रणा सक्तीची झाली. लगेच बाजारात तो आवाज बंद करणाऱ्या क्लिपा आल्या. बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवायची, गाडीला वाटतं बेल्ट लावला. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर देशभर बेल्टवर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विकायला बंदी केली, आणि तेव्हा अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकल्या गेल्या. म्हणजे आवाज नको म्हणून पैसे मोजून जीवाशी खेळणारे आपल्यात किती असतील याचा अंदाज करा. काकांची काळी चिकटपट्टी आणि ही क्लिप यांत मला फरक दिसत नाही.

म्हापशाहून परत आल्यावर पुढच्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "आपण उघडून बघूया की." बाबा म्हणाले, "तू? बी.ए. करतेस ना?" मी म्हटलं, "बी.ए.ला हात नसतात होय?" शेवटी आमच्या गल्लीत उद्यमबागला मशीन शॉपमध्ये काम करणारे एक दादा राहतात, त्यांना बोलावलं. काय केलं ते क्रमानं सांगते, कारण हे करताना काही गोष्टी जपाव्या लागतात.

आधी चावी काढली. मग दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि दहा मिनिटं चहा प्यायलो. हा चहा महत्त्वाचा आहे. डॅशबोर्डच्या आत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असते. बॅटरी काढल्यावरही तिच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली राहते, ती उतरू द्यावी लागते. दादांनी बजावलं, "आत पिवळं कनेक्टर दिसलं तर हात लावायचा नाही. पिवळं म्हणजे एअरबॅग." एअरबॅग, ब्रेक आणि स्टीअरिंग ही घरी उघडायची कामं नव्हेत. तिथं जाणकाराकडेच जायचं.

मग घुमटाभोवती कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे डॅशबोर्डला ओरखडा नको. स्क्रू ड्रायव्हर न वापरता बाद झालेलं एटीएम कार्ड कडेनं सारलं आणि अलगद उचललं. घुमट टक्कन वर आला. इथं बहुतेकांची चूक होते म्हणे. घुमट सोडला की वायर आत घसरते, आणि मग सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आम्ही वायर दिसल्याबरोबर तिला दोरा बांधला आणि त्याचं टोक आरशाला अडकवलं.

आत पाहिलं तर काय? सेन्सर ठणठणीत. त्याला धरून ठेवणाऱ्या दोन प्लास्टिकच्या क्लिपांपैकी एक तुटलेली, आणि खालचा कनेक्टर अर्धाच बसलेला. त्याचा खटका लागलेलाच नव्हता. कधीतरी आधीच्या मालकानं काच बदलली असेल, तेव्हा घाईत बसवला असेल. त्यात आपल्याकडचं ऊन. काचेखाली तापून तापून प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि खरं सांगायचं तर आमचा मोबाइलचा स्टँड त्या घुमटाला टेकूनच चिकटवलेला होता. रोज तो काढताना-लावताना घुमटाला धक्का बसायचा. म्हणजे त्या क्लिपच्या खुनात आमचाही हात.

कनेक्टर काढून पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, वाळू दिला आणि "टक्" आवाज येईपर्यंत दाबला. तो आवाज म्हणजेच खटका लागल्याची खूण. आवाज नाही तर काम नाही. तुटलेल्या क्लिपच्या जागी फेल्टची पातळ पट्टी घुमटाभोवती गुंडाळली, म्हणजे तो खाचेत घट्ट बसला. मी झटपट चिकटणारा गोंद आणला होता, दादांनी तो बाजूला ठेवायला लावला. त्याच्या वाफेनं घुमटावर पांढरी धूर जमते आणि सेन्सरचा डोळाच आंधळा होतो. शिवाय पुढच्या वेळी काढायचा झाला तर तोडावा लागणार. दुरुस्ती अशी करायची की पुढच्या माणसाला परत उघडता आलं पाहिजे, असं दादा म्हणाले. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

बॅटरी जोडली, घड्याळाची वेळ परत लावली. स्विच ऑटोवर. घुमटावर दुमडलेला काळा रुमाल ठेवला. थोड्या वेळात दिवे लागले. रुमाल काढला; थोडं थांबून विझले. डॅशबोर्डवर थापटून पाहिलं, दिवे जागचे हलले नाहीत. खर्च दोनशे ऐंशी रुपये, त्यातही क्लीनरचा डबा उरलाय. वेळ, चहासकट, दीड तास.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सर्व्हिस सेंटर लुटतं आणि मेकॅनिक टाळतो, हाच लेखाचा मुद्दा ना? नाही. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये होते. मामा "उघडायला अर्धा दिवस" म्हणाले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "नुसतं उघडून बघायचे किती?" मामांनी पाचशे सांगितले. बाबा म्हणाले, "नुसतं बघायचे पाचशे?" तिथंच ते काम संपलं. मामांनी मग फुकटातला सल्ला दिला. आपण नव्या वस्तूचे साडेसहा हजार कुरकुरत का होईना देतो, पण दोष शोधण्याचे पाचशे द्यायला तयार नसतो. मग समोरचा माणूस कशाला शोधेल? तो एक तर बदलून देईल, नाहीतर गप्प करून देईल. शोधणं हेच खरं कौशल्याचं काम आहे आणि त्याचीच आपण मजुरी मारतो. हे मी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात मामांकडे ब्रेक दाखवायला गेलो तेव्हा "आधी बघा, बघायचे वेगळे घ्या" असं स्वतःहून म्हणाले.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल सरकारी पातळीवरही काही हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली, आणि तिनं ज्या चार क्षेत्रांवर लक्ष द्यायचं ठरलं त्यांत वाहनंही आहेत. बाकीची तीन म्हणजे शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट आणि घरगुती उपकरणं. हक्क मिळावा हे बरोबरच. पण हक्क मिळाला तरी "बघूया की" म्हणणारा माणूस घरात पाहिजे.

आणि हे आपल्या मंडळात का सांगतेय त्याचं कारण. आमच्या गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत आहे. बाबांनी ते चार वर्षांत एकदाही उघडलं नाही, कारण ते त्यांच्यासाठी लिहिलेलंच नाही. पण "खटका", "पाना", "पकड", "हलतंय", "टक्" हे शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. म्हणून मी त्याच शब्दांत एक पानभर मजकूर लिहिला: दिवे कसे तपासायचे, कुठल्या कनेक्टरला हात लावायचा नाही, धुक्यात मागचे दिवे लागले का ते उतरून कसं बघायचं. तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. बाबांनी तो काकांना दाखवला. काकांनी चिकटपट्टी अजून काढलेली नाही, पण कागदाची झेरॉक्स मागून घेतली. बेळगावात मराठी टिकली पाहिजे असं आपण भाषणांत म्हणतो. ती अशा कागदांवरही टिकते, असं मला वाटतं. मंडळानं वर्षाला अशी चार पानं जरी काढली, गॅसची शेगडी, घरचा वीजमीटर, दुचाकीचा ब्रेक अशा विषयांवर, तरी ती घराघरांत वाचली जातील.

तोपर्यंत एक मिनिटाचं काम सांगते. आज संध्याकाळ व्हायच्या आत घरच्या गाडीचा स्विच ऑटोवर ठेवा, काळ्या घुमटावर रुमाल टाका आणि मागं जाऊन उभे राहा. लाल दिवे लागले तर छान. नाही लागले, किंवा घुमट बोटाखाली हलला, तर स्विच बदलून मोकळे होऊ नका. आणि घुमटावर मोबाइलचा स्टँड, फेस्टचा पास, गणपती, क्रूस काहीही असलं तरी ते चार बोटं बाजूला सरकवा. देव रागावणार नाही.

दिवाळीत परत म्हापशाला गेलो. कणकुंबीच्या पुढे तिन्हीसांजेला दिवे आपोआप लागले. तरी बाबांचा हात स्विचकडे गेलाच. मी म्हटलं, "लागलेत की, बाबा." ते म्हणाले, "माहीत आहे. खात्री केली." मग गाडी कडेला घेऊन ते उतरले आणि मागं जाऊन बघून आले.